ओडवार स्वीडनला निघतो

ओडवारला चापट बसली ती एप्रिलात, सकाळी नाश्त्याला, ब्रेडवर तपकिरी चीजचा काप ठेवता ठेवता. मारणारं कुणी समोर नव्हतं. चापट मोबाईलवर आली. वर्षभर पगारातून कर कापून घेऊनही सरकारचं पोट भरलं नाही, की वसंतात उरलेल्या रकमेची मागणी येते. नॉर्वेत तिला 'बाकस्मेल' म्हणतात, म्हणजे सरळ भाषेत ढुंगणावर चापट. शब्द शेंबड्या पोरांना शोभणारा. पण खायची कुणी? तर हाल्डेनच्या पाणीखात्यात केस पांढरे केलेल्या, चारचौघांत मान असलेल्या माणसानं, आणि तीही बायकोच्या देखत!

"लुटलं!" ओडवार ओरडला. "दिवसाढवळ्या लुटलं!"

"किती?" तोरुननं कॉफी ओतता ओतता विचारलं.

आता हा काय प्रश्न झाला? माणूस लुटला गेलाय आणि ही भाव विचारतेय! शिवाय आकडा सांगितला की संतापातली हवाच जाते, हे ओडवारला अनुभवानं माहीत होतं. तो म्हणाला, "किती हा मुद्दाच नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे."

तोरुननं कॉफीची किटली जरा लांब सरकवली. नवरा तत्त्वावर आला की घरात काहीतरी मोडतं, हे तिला लग्नापासून ठाऊक होतं. मागे विजेच्या बिलावर तत्त्वानं रागावून त्यानं बैठकीच्या खोलीत स्वतःच्या हातानं लाकडं जाळायची शेगडी बसवली होती. छतावरचा काळा डाग अजून तसाच आहे.

"हिवाळ्यात नळ फुटले तेव्हा बर्फात उभा राहून रात्रंदिवस खपलो," ओडवार म्हणाला. "त्या जादा कामाचे पैसे मिळाले, तर त्यावरच ही चापट! मी गावाला पाणी पाजलं, आता सरकार मला पाणी पाजतंय. बस्स झालं. आपण स्वीडनला राहायला जायचं. नोकरी इथेच, घर तिथे, आणि कर तिथला."

"तिथला कमी आहे?"

"म्हणजे काय!"

"कुणी सांगितलं?"

सांगायला कशाला हवं कुणी? सरहद्द गाडीनं अगदी जवळ. शनिवार उजाडला की अख्खं गाव पलीकडे जातं आणि बेकन, तंबाखू, गोळ्या-चॉकलेटं डिकी फुटेस्तोवर भरून आणतं. ज्या देशात बेकन एवढं स्वस्त, तिथे कर महाग कसा असेल? ओडवारचा युक्तिवाद हा एवढाच होता, आणि खरं सांगायचं तर हाल्डेनमध्ये तो कुणालाही पटला असता.

इथे ओडवारच्या मानाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं महाभारत त्यावरूनच झालं. सतरा मेला, देशाच्या राज्यघटनेच्या दिवशी, गावातून मिरवणूक निघते. शाळा, बँडपथकं, आणि प्रत्येक गल्ली आपापलं निशाण घेऊन. बर्च गल्लीचं निशाण निळ्या मखमलीचं, मधोमध भरतकामाचं झाड, खाली सोनेरी गोंडे, आणि दोन्ही कोपऱ्यांना दोऱ्या. दोऱ्या दोन पोरींनी धरायच्या. काठी मात्र ओडवारनं. आधी त्याच्या वडिलांनी धरली, मग यानं. काठी टेकवायला पुढे वाटी असलेला चामड्याचा पट्टासुद्धा वडिलांचाच. वर्षभर पाण्याच्या पाइपांत तोंड घालून बसणारा हा माणूस त्या एका सकाळी गल्लीच्या पुढे छाती काढून चालायचा, आणि बाकीचं वर्ष त्या सकाळच्या जोरावर काढायचा.

असो. तर ओडवारनं तुलना करायला घेतली. पहिली चूक झाली ती कुंपणापाशी, शेजारच्या शेटिलला सांगितलं तेव्हा. शेटिल निवृत्त बसचालक, त्यामुळे सगळ्या वाटा आपल्याला माहीत आहेत असा त्याचा समज.

"स्वीडन कशाला? एस्टोनियाला जा," शेटिल म्हणाला. "तिकडे गरीब-श्रीमंत सगळ्यांना एकच दर."

"एस्टोनियातून रोज कामाला येऊ कसा?"

"मग डेन्मार्क."

"तिथे कर आपल्यापेक्षा जास्त आहे रे!"

"असेना. माणसं हसरी आहेत. माझा साडू पोर्तुगालला गेला. तिथे उन्हात बसून कर भरायचा, त्रास जाणवत नाही म्हणतो."

"काय भरतो तो?"

"ते नाही सांगितलं. पण काळा झालाय चांगला."

सल्ले देणाऱ्याचं काय जातं! ओडवार घरात आला आणि त्यानं सरळ स्वीडनच्या करकचेरीत फोन लावला. फोनवरची बाई फार गोड बोलत होती, आणि तिथेच घोटाळा झाला, कारण गोड बोलणाऱ्या माणसावर धड रागावता येत नाही.

"कुठल्या नगरपालिकेत राहणार आपण?" तिनं विचारलं. "दर प्रत्येक ठिकाणी वेगळा आहे."

"आधी दर सांगा, मग कुठे राहायचं ते ठरवतो."

"आधी कुठे राहायचं ते ठरवा, मग दर सांगते. बरं, चर्चचे सभासद होणार का? त्याचे पैसे वेगळे."

"नाही होणार!" ओडवार विजयी मुद्रेनं म्हणाला.

"चालेल की. मग फक्त दफनाची वर्गणी पडेल."

"कुणाच्या दफनाची?"

"तशी सगळ्यांच्याच," बाई आणखी गोड आवाजात म्हणाली. "त्यात तुमचंही आलंच."

ओडवारनं फोन ठेवला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "मी अजून मेलेलो नाही, तोरुन! ठणठणीत माणसाकडून मातीचे पैसे मागतात! काय देश आहे की काय आहे?"

"मग नको जाऊस," तोरुन म्हणाली.

"आता कसं नको? शेटिलला सांगून बसलोय."

शेटिलला सांगणं म्हणजे गावच्या भोंग्यावर सांगणं. संध्याकाळी कचरा टाकायला गेला तर शेटिल पुन्हा कुंपणाला टेकलेला. "काय, पक्कं का?" ओडवारला वाटलं, आता दोन पावलं मागे घेतली तर हा दात काढणार. म्हणून तो चार पावलं पुढे गेला. "पक्कंच. का नाही जायचं? आपल्या गल्लीचा अर्धा रस्ता माझ्या करातून झालाय, माहितीये? सगळ्यात जास्त भरतो मी इथे. गेलो की कळेल सगळ्यांना."

"अर्धा?" शेटिल म्हणाला.

"अर्धा!"

"बरं."

त्या 'बरं'नं ओडवारचं डोकं उठलं. वाद घातला असता तर चाललं असतं, पण 'बरं'? म्हणजे हा मला बंडलबाज समजतो? ओडवार तरातरा घरी आला आणि कॉम्प्युटर उघडून बसला. नॉर्वेत कुणी किती कमावलं आणि किती कर भरला हे सगळ्यांना बघता येतं. पूर्वी वर्तमानपत्रं ती यादीच उघडी टाकायची, आणि अख्खा देश गुपचूप शेजाऱ्याच्या खिशात डोकावून घ्यायचा. ओडवारच्या डोक्यात तोच जुना काळ होता. मध्ये नियम बदलला, आता करखात्याच्या दारातून आत जाऊन बघावं लागतं, एवढं त्याला ठाऊक होतं. त्या बदलाचं दुसरं कलमही होतं. पण करखात्याचा मजकूर ओडवार दात-ओठ खात वाचायचा, त्यामुळे दुसऱ्या कलमापर्यंत तो कधी पोचलाच नाही.

सुरुवात शेटिलपासून केली. बसचालक, कमीच निघाला. जीव थंड झाला. मग हात सैल सुटला. गल्लीतली सगळी घरं झाली, खात्यातला साहेब झाला, तोरुनचा नेमस्त मेहुणा झाला, आणि शाळेत असताना तोरुनला कविता लिहून देणारा तो जाड्या झाला. हे केवळ संशोधन होतं बरं का. परक्या देशाशी तुलना करायची तर आधी आपल्या देशातली परिस्थिती नको समजायला?

परिस्थिती समजली ती भयंकर होती. गल्लीत ओडवार कुठेतरी मधोमध, खालच्या बाजूला. पहिल्या नंबरावर बोर्गहिल्ड, रहिवासी मंडळाची अध्यक्ष, निवृत्त दंतवैद्य. गावाचे दात उपटून तिनं एवढं साठवलं होतं! आणि तिच्या मागोमाग लेनार्ट. लेनार्ट! कोपऱ्यावरच्या घरातला वायरमन, आणि मुळात स्वीडनचा! म्हणजे बर्च गल्लीचा अर्धा रस्ता एका स्वीडिश माणसाच्या करातून झाला होता. ओडवारनं कॉम्प्युटर बंद केला आणि कुणालाही काहीही सांगायचं नाही असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी पत्रपेटीपाशी बोर्गहिल्ड उभी होती.

"ओडवार, काल माझी चौकशी केलीस म्हणे," ती म्हणाली. "तब्येत बरी आहे माझी."

ओडवारनं पत्रपेटीचं झाकण उगाच उघडून लावलं. "चौकशी? मी? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"सरकारनं," बोर्गहिल्ड म्हणाली. "तुझं नाव, जन्मसाल, सगळं आलंय. आता कुणी बघितलं ते ज्याचं त्याला कळतं. बरीच वर्षं झाली त्याला. तू पेपर वाचत नाहीस का रे?"

हेच ते दुसरं कलम.

त्या शनिवारी गल्लीची सामुदायिक साफसफाई होती. दर वसंतात सगळे बाहेर पडतात, पालापाचोळा ओढतात, हिवाळ्यात टाकलेली रेती झाडतात आणि मग वॉफल खातात. न येण्याची सोय नसते; आजारी माणूससुद्धा खिडकीतून खोकून दाखवतो. ओडवार फावडं घेऊन गेला. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. नुसतं आपलं...

"ओडवार, या पोत्याचं एक टोक धरतोस का? की आधी माझं उत्पन्न बघून घेतोस?"

"नको रे, त्याला जड उचलायला लावू नका, अर्धा रस्ता अंगावर आहे त्याच्या."

आणि सगळे हसले. बरं, रागावायचं कुणावर? एवढ्या जणांवर एकदम रागवायला माणसाला तेवढी तोंडं तरी हवीत. ओडवार रेतीवर फावडं आपटत राहिला. मग वॉफलच्या वेळी बोर्गहिल्डनं चमच्यानं कप वाजवला.

"दोन गोष्टी," ती म्हणाली. "एक, कुत्रेवाल्यांनी पिशव्या बाळगाव्यात. दोन, ओडवार आता स्वीडनला निघालाय. जाणाऱ्या माणसाच्या मागे शंभर कामं असतात, त्याच्यावर आणखी ओझं नको. तेव्हा यंदा निशाण लेनार्ट धरेल."

ओडवारनं अर्धं वॉफल बशीत परत ठेवलं. लेनार्ट! नॉर्वेच्या घटनेच्या दिवशी, नॉर्वेच्या गल्लीचं निशाण, स्वीडनच्या माणसाच्या हातात! आपल्या बापजाद्यांनी त्या लोकांच्या राजाचं जोखड काढून फेकलं ते याचसाठी? एक वाक्य म्हणायचं होतं, 'मी जात नाहीये.' जीभ वळली सुद्धा. पण समोर शेटिल उभा होता, आणि तो 'बरं' म्हणायच्या तयारीत दिसत होता.

"उत्तम कल्पना," ओडवार म्हणाला.

घरी येऊन तो तडक कॉम्प्युटरकडे गेला. आपल्याला कुणी बघितलं तेही दिसतं ना? बघूच! आणि बघितलं तर काय, अख्खी गल्ली ओळीनं! बोर्गहिल्ड, शेटिल, लेनार्ट, खात्यातला साहेब, मेहुणा, तो कवितावाला जाड्या!

"निर्लज्ज!" ओडवार ओरडला. "लाज-लज्जा काही आहे की नाही? दुसऱ्याच्या पगारात नाक खुपसतात! अशा लोकांत राहायचं तरी कसं?" आणि एवढ्यात त्याची नजर खालच्या ओळीवर गेली. "तोरुन! तू?"

"हो," तोरुन म्हणाली. ती मटार सोलत होती.

"तू माझी बायको आहेस!"

"म्हणूनच. रोज लुटलं-लुटलं म्हणतोस आणि आकडा सांगत नाहीस. म्हटलं नवरा किती लुटला गेलाय ते एकदा बघावं तरी."

"मग?"

"फारसा नाही लुटला गेलास," तोरुन म्हणाली.

हे मात्र त्याच्या जिव्हारी लागलं. अपमानाचा एकच उतारा होता, स्वीडनचा हिशेब बरोबर निघणं. त्यानं कागद घेतला. स्वीडनचा कर, पलीकडच्या नगरपालिकेचा दर धरून. त्यात ती दफनाची वर्गणी. रोजचं जाण्यायेण्याचं पेट्रोल. घर विकून घर घेण्याचा खर्च. चार वेळा बेरीज केली. कशीही केली तरी शेवटी खिशात काही उरत नव्हतं, उलट जरासं जातच होतं. ओडवारनं कागदाचा बोळा करून शेगडीत घातला. शेगडीनं नेहमीप्रमाणे धूर बैठकीत सोडला.

"जा आणि सांग की नाही जात म्हणून," तोरुन खोकत म्हणाली. "एवढंसं तर वाक्य आहे."

"त्यांनी विचारावं. मी का सांगू?"

"निशाण जाईल हातचं."

"जाऊ दे!" ओडवार म्हणाला, आणि उठून पोटमाळ्यावर गेला. पट्टा काढला, त्याला तेल लावलं, पुसला, आणि मांडीवर घेऊन बसून राहिला. त्याला अगदी रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला.

सतरा मेच्या आदल्या दिवशी लेनार्ट दारात आला. उंच, लाजाळू माणूस, बोलताना टोपी हातात फिरवायचा.

"पट्टा मागायला आलोय," तो म्हणाला. "देणार असशील तर हं. वडिलांचा आहे असं ऐकलं."

"घे," ओडवार म्हणाला. हात लवकर सुटला नाही, पण सुटला.

"आठ वर्षांपूर्वी मी हाच हिशेब उलटा केला होता," लेनार्ट म्हणाला. "इकडचा पगार, तिकडचा कर. रात्ररात्र बसायचो. शेवटी कंटाळून सोडून दिला. इकडची माणसं बरी वाटली, राहिलो. तुला तिकडे भेटतील तशी." मग जरा थांबून म्हणाला, "एक विचारू? पुलाच्या वळणावर समुद्राचा वारा फार असतो म्हणतात. तिथे काय करायचं?"

ओडवारला ठाऊक होतं काय करायचं. वळणाच्या आधी डावा खांदा वाऱ्याला द्यायचा, काठी हातभर झुकवायची, आणि दोरीवाल्या पोरींना आत ओढून घ्यायचं. वडिलांनी शिकवलं होतं. त्यानं लेनार्टकडे बघितलं, त्याच्या हातातल्या पट्ट्याकडे बघितलं.

"काही नाही," ओडवार म्हणाला. "ताठ चालायचं. सरळ."

दार लावलं तेव्हा त्याला बरं वाटलं. रात्री मात्र झोप लागली नाही.

सतरा मेला स्वच्छ ऊन होतं आणि वारा सुटला होता. ओडवार कोट घालून, छातीवर लाल-पांढरी-निळी फीत लावून पुलाच्या वळणावर उभा राहिला. इथेच का उभा राहतोयस असं तोरुननं विचारलं, तर म्हणाला, "इथून नीट दिसतं." बँड आला, शाळा आल्या, पोरं 'हुर्रा' करत गेली. मग निळी मखमल दिसली. लेनार्ट ताठ चालत होता. अगदी सरळ. सांगितलं होतं तस्सा.

वळणावर आला आणि वाऱ्यानं निशाण शिडासारखं फुगवलं. एका पोरीच्या हातातली दोरी सुटली. काठी वाटीतून उसळली, लेनार्ट दोन पावलं मागे, एक पाऊल आडवा, आणि मखमलीसकट कठड्याकडे निघाला.

"खांदा!" तो किंचाळला. "डावा खांदा दे, गाढवा! झुकव! झुकव म्हणतो ना!" आणि कोटाची पर्वा न करता तो बँडच्या ढोलवाल्याला ढकलून रस्त्यात घुसला. हवेत फडफडणारी दोरी पकडली आणि सगळं वजन टाकून खाली खेचली. काठी सरळ झाली. निशाण सावरलं. लेनार्ट पांढराफटक पडला होता.

"तू तर म्हणालास ताठ चालायचं," तो धापा टाकत म्हणाला.

"खोटं बोललो," ओडवार म्हणाला. चारचौघांत, मोठ्यानं. "रागात बोललो. चुकलं माझं. आणि ऐका सगळ्यांनी, मी कुठ्ठेही जात नाहीये! चला आता, मागचे खोळंबलेत."

आणि तो चालायला लागला. काठी लेनार्टची, दोरी ओडवारची. गावभर, शाळकरी पोरीच्या जागी, कोटाची बाही उसवलेला पाणीखात्याचा माणूस.

मिरवणुकीनंतर शाळेच्या मैदानात सगळे सॉसेज खात उभे होते. बोर्गहिल्ड ओडवारजवळ आली.

"बरं झालं बोललास," ती म्हणाली. "आम्ही वाट बघत होतो."

"म्हणजे? मी जात नाही हे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तू आमचं उत्पन्न बघितलंस, आम्ही तुझं बघितलं. शेटिलकडे बसून हिशेब मांडला. स्वीडन, डेन्मार्क, एस्टोनिया, सगळं. अरे, तुझ्या कमाईवर देश सोडून काही वाचत नाही रे बाबा."

"बरं का," शेटिल तोंडातलं सॉसेज गिळत म्हणाला, "पोर्तुगालसुद्धा बघितलं. तिथेही नाही."

ओडवारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे एवढे दिवस हे लोक... आणि निशाण मुद्दाम... आणि वर 'तुझ्या कमाईवर'! पण तोरुन हसत होती, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि कुणीतरी त्याच्या हातात दुसरं सॉसेज दिलं होतं. सॉसेज धरलेल्या हातानं रागावणं जमत नाही. तो लेनार्टकडे वळला.

"पुढच्या वर्षी काठी माझी. सांगून ठेवतोय."

लेनार्टनं पट्टा सोडून त्याच्या हातात ठेवला. मग टोपी फिरवत, लाजत लाजत म्हणाला, "घे की. फक्त मंडळात असं बोलणं चाललंय, की आपल्या दोघांत जो जास्त कर भरेल त्यानं धरावी. अर्ध्या रस्त्याची गोष्ट तूच काढली होतीस."

सगळे पुन्हा हसले. ओडवार हसला नाही. तो पट्टा छातीशी धरून उभा राहिला, मनातल्या मनात बेरीज करत. येत्या हिवाळ्यात नळ जरा जास्त फुटले, जादा काम जरा जास्त मिळालं, आणि देवाच्या दयेनं वसंतात एक सणसणीत चापट बसली, तर लेनार्टला गाठता येईल.